दोन पाने एकदम

४ फेब्रुवारी, मंगळवार

सही केली! वाचून, समजून, चष्मा पुसून सही केली.

सकाळी आमच्या वाद्यवृंदाचे कार्यवाह गौरवग्रंथाची मुद्रिते घेऊन आले. बावीस तारखेला माझा निरोपाचा कार्यक्रम, त्याच मंचावर ग्रंथाचे प्रकाशन. म्हणाले, एवढे एकच प्रकरण नजरेखालून घाला आणि खाली सही करा, म्हणजे तुमच्या संमतीने छापले असे म्हणता येईल.

प्रकरणाचे नाव 'बुडती नाव'. अडतीस वर्षांपूर्वी मुख्य संचालक ऐन वेळी आजारी पडले. एका नवख्या व्हायोलावादकाच्या हाती संचालनाची काठी आली. मंद, शांत जागी ट्रंपेटवाला भलत्याच ठिकाणी वाजला. सगळा मेळ विस्कटू लागला. आणि त्या नवख्याने तो केवळ डाव्या हाताच्या खुणांनी सावरून पैलतीरी नेला. तेथून एका थोर कारकिर्दीचा आरंभ झाला – इत्यादी.

यातील एकेक वाक्य तपासले तर खरे आहे. सगळी मिळून खोटी आहेत.

कार्यवाहांनी पेन पुढे केले. माझा हात जराही थरथरला नाही. शहात्तराव्या वर्षी एरवी पेला धरतानाही थरथरतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहाटेच्या पाठात 'सत्य' हा शब्द सात वेळा येतो. साठ वर्षे म्हणतो आहे. आज प्रथमच मोजला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहूनच टाकतो. जे अडतीस वर्षांत मनातल्या मनातही नीट वाक्यात मांडले नाही, ते कागदावर तरी सरळ उतरते का, पाहू.

मी चौदा वर्षे व्हायोला वाजवला, व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या स्वरांचे वाद्य. व्हायोला म्हणजे घरातला मधला मुलगा – थोरल्याचा मान नाही, धाकट्याचे लाड नाहीत. आमच्यावर विनोद चालत. आग लागली तर व्हायोलावाले शेवटी बाहेर पडतील, एक आवर्तन मागेच असतात! मी सर्वांबरोबर हसत असे आणि घरी जाऊन संचालकांच्या स्वरलिपीच्या वह्या पाठ करीत असे. पुढे मला सहायक नेमले. सहायकाने मुख्य संचालक येईपर्यंत तंतुवाद्यांची तालीम घ्यायची, ते आले की गुपचूप आपल्या खुर्चीवर जाऊन बसायचे.

ट्रंपेटवर तेव्हा तो होता. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. सगळे त्याला 'मोजणीदार' म्हणत. ट्रंपेटवाल्याचे अर्धे काम गप्प बसण्याचे. वाद्य मांडीवर ठेवून साठ-साठ, ऐंशी-ऐंशी आवर्तने मोजत राहायचे आणि मग एकाच जागी, सर्वांदेखत, उठायचे. बाकीचे बोटे दुमडतात, पाय हलवतात. तो नुसता भिंतीकडे पाहत बसे. शेजारच्याने हळूच विचारले, 'कितवं?' – तर ओठ न हलवता आकडा सांगे. तो चुकल्याचे कोणी ऐकले नव्हते.

त्या दिवशी दुपारी चार वाजता मुख्य संचालकांना ताप भरल्याचा निरोप आला. सातला कार्यक्रम. सिंफनीचा दुसरा भाग अतिशय मंद. त्यात ट्रंपेट त्र्याण्णव आवर्तने मौन असतो. मग तीन मात्रांचा ताल चारचा होतो आणि लगेच त्याचा एकच दीर्घ स्वर, एकट्याचा. मुख्य संचालकांच्या वहीत त्या जागेवर लाल पेन्सिलीचे वर्तुळ होते. माझ्या बोटांना घाम. पान उलटले. दोन पाने एकदम उलटली! समोर चारचा ताल, खाली लाल वर्तुळ. मी बेलाशक चार मात्रा देऊ लागलो. व्हायोलिने अडखळली, मला वाटले, यांचे लक्ष नाही. आणि त्याच भरात मान वर करून, संपूर्ण हात उचलून, मी त्याला बोलावले.

तो वाजला. बावीस आवर्तने आधी.

व्हायोलिनांचे अडखळणे म्हणजे कुजबुज. ट्रंपेटचे म्हणजे भर सभेत आरोळी. सभागृहाने तेवढीच ऐकली. मग मला पानाचा आकडा दिसला, मागे उलटले, डाव्या हाताने एकेकाला बोट धरून जागेवर आणले. हे मात्र मी खरोखर केले. त्याचे श्रेय मी नाकारत नाही. तेवढे एकच माझे आहे.

वादकांचे डोळे आपापल्या कागदांवर. श्रोत्यांकडे माझी पाठ. माझा हात आणि माझे तोंड समोरून पाहणारा तो एकटा. बिचारा काठीवर विसंबला.

कार्यक्रमानंतर कलाकारांच्या खोलीत अध्यक्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. 'ट्रंपेटने घात केला होता. तुम्ही तारलंत.' तो दाराशीच होता, वाद्य पुसून पेटीत ठेवत होता. मी काय म्हणालो? म्हणालो, 'होतं असं कधी कधी. सांभाळून घ्यायचं असतं.'

क्षमा केली मी त्याला! ज्याच्या पायाशी जाऊन ती मागायची, त्याला चारचौघांत दिली – आणि वर मनाचा मोठेपणा पदरात पाडून घेतला.

त्या क्षणापर्यंत तो मला 'अरे' म्हणत असे. दुसऱ्या दिवशी तालमीला 'तुम्ही' म्हणाला.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल एक गोष्ट गाळली. लिहिताना हात आपोआप तिला वळसा घालून गेला.

तीन महिन्यांनी मला कायम संचालक केले. पहिल्याच बैठकीत समितीने विचारले, ट्रंपेटच्या पहिल्या खुर्चीचे काय करायचे? मी म्हणालो, समितीला योग्य वाटेल तसे. त्याला दुसऱ्या खुर्चीवर बसवले. कोणीतरी वात्रट रोज विचारी, 'मोजणीदार, आज किती?' मी ऐकत असे. वर्षभराने तो सोडून गेला आणि एका शाळेच्या बँडला शिकवू लागला. जाताना प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन हात मिळवला. माझ्याशीही.

९ फेब्रुवारी, रविवार

मी रचना करू लागलो ते यानंतर. आजवर सात मोठ्या रचना. प्रत्येकीत एक जागा अशी आहे की ट्रंपेट फार वेळ मौन राहतो आणि मग एकटा बोलतो. समीक्षक याला माझी 'मुद्रा' म्हणतात. एका विदुषीने त्यावर प्रबंध लिहिला! मुलाखतीला आली तेव्हा मी तिला मौन आणि नाद यांविषयी तासभर सांगितले, आणि ती खाली मान घालून लिहून घेत होती.

प्रत्यक्षात ते माझे चोरटे प्रायश्चित्त होते. ज्याची जागा मी हिरावली, त्याला सात वेळा जागा दिली – फक्त तो तिथे वाजवायला नव्हता.

शास्त्रकारांनी प्रायश्चित्ताचे पहिले अंग सांगितले आहे ते ख्यापन, म्हणजे आपले पाप आपल्या मुखाने लोकांत उच्चारणे. अनुताप त्यानंतर. मी पहिले गाळून थेट दुसऱ्यावर आलो. दोन पाने एकदम उलटण्याची खोडच म्हणायची!

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज हिला सांगितले.

ही खिडकीपाशी बसून माझ्या काळ्या कोटाचे बटण लावत होती, निरोपाच्या कार्यक्रमासाठी. पूर्ण ऐकून घेतले. सुई थांबली नाही. मला वाटले होते, रडेल. निदान 'झालं ते झालं' तरी म्हणेल. दोऱ्याला गाठ मारून, दाताने तोडून मग बोलली.

'अडतीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवलात. मीठ कमी पडलं तर लगेच सांगत होतात.'

मी म्हणालो, आता सांगणार आहे, मंचावरून, सर्वांना.

'म्हातारपणी सोवळं नेसायची हौस आली,' ही म्हणाली. 'अहो, आधी त्याच्याकडे तरी जा. तो आहे का, कसा आहे, त्याला हे हवंय का. नाहीतर तुमचं ओझं उतरणार आणि त्याच्या डोक्यावर बसणार. आणि हातातली काठी आधी खाली ठेवा. सगळ्यांना केव्हा वाजायचं ते तुम्हीच सांगत आलात.'

मला संचालक केल्याची बातमी आली तेव्हा हिच्या आईने विचारले होते, 'जावईबापू कंडक्टर झाले? कुठल्या गाडीवर?' ही हसून हसून लोळली होती. त्या हसण्यात मीही होतो. केवढा सुखात होतो मी, त्याला दुसऱ्या खुर्चीवर बसवले त्याच आठवड्यात!

१५ फेब्रुवारी, शनिवार

गेलो होतो. बोललो नाही.

स्वरलिपींच्या संग्रहपाल बाईंकडून पत्ता मिळाला. त्यांचे त्याच्याशी येणेजाणे आहे, मला ठाऊक नव्हते. चौथा मजला, लिफ्ट बंद. दोन मजल्यांवर थांबलो. काय म्हणायचे ते जिन्यातच वाक्ये जुळवून पाठ केले – आरंभ, मध्य, शेवट. सुनेने दार उघडले. आत खुर्चीत तो. एक्क्याऐंशी वर्षांचा, बारीक झालेला, पाठ मात्र वादकासारखी ताठ.

'अरे, व्हायोला! चार जिने चढलास? म्हणजे काल निघाला असशील.'

'अरे' म्हणाला! माझी सगळी वाक्ये गळून पडली.

सुनेने चहा दिला. तो ट्रंपेट नऊ वर्षांपासून वाजवत नाही. पुढचे दात गेले, कवळीवर ओठ टेकत नाही. 'तुमचं बरं,' म्हणाला, 'काठी फुंकावी लागत नाही.' ट्रंपेट कपाटावर, पेटीत. पेटीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. शाळेतल्या मुलांविषयी बोलला. पस्तीस वर्षांत नऊजण धंदेवाईक झाले म्हणाला, आणि बोटांवर एकेक मोजून दाखवले. माझ्या सातही रचना त्याने ऐकल्या आहेत. रेडिओवर. त्यांतल्या ट्रंपेटविषयी काही बोलला नाही. मीही विचारले नाही.

मी दोन वेळा घसा खाकरला. पहिल्यांदा सुनेने पाणी आणले. दुसऱ्यांदा तो म्हणाला, 'औषध घेतोस की नुसते पाठ करतोस?'

निघताना बावीस तारखेचे दोन पास दिले. म्हणाला, येईन, सुनेलाही यायचे आहे, तिने मला खुर्चीत बसलेलाच पाहिलाय, सभागृहात बसलेला पाहू दे.

खाली उतरताना जाणवले – मला त्याची भीती वाटली नाही. त्याने मला 'अरे' म्हटले, ते पुन्हा गमवायची वाटली. एवढ्यासाठी गप्प बसलो. लाज नावाची वस्तू माझ्यात अजून उरली असेल, तर ती आज जिन्यातच राहिली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कार्यवाहांना फोन केला. म्हटले, ते प्रकरण काढा. ते म्हणाले, सर, बांधणी चालू आहे, आणि त्यात खोटे काय आहे? मी श्वास घेऊन म्हणालो, 'चूक त्याची नव्हती. मी दोन पानं उलटली होती. त्याला मी बोलावलं.'

ते गहिवरून म्हणाले, 'काय हा विनय, सर. इतक्या वर्षांनीही वादकाची चूक स्वतःच्या अंगावर घेता.'

पुन्हा सांगितले. ते म्हणाले, हे मी सूत्रसंचालनात घालतो.

खरे बोललो तर त्याचीही आरती होते! खोट्याला आवडीने गिळणारे लोक खऱ्याचाही प्रसादच करून टाकतात. आता मंचावरून, निःसंदिग्ध शब्दांत, पानांच्या क्रमांकांसह सांगण्यावाचून मार्ग नाही. उद्या त्याच्याकडे जाऊन आधी कानावर घालीन.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गेलो नाही. तालीम होती. (तालीम चारला संपली.)

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रत्येक पान उलटण्यापूर्वी मी अंगठा जिभेला लावतो. अडतीस वर्षांची सवय. नवीन वादक याला माझी लकब समजतात. आज एक व्हायोलिनवाली माझी नक्कल करत होती. छान करते.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल सांगितले.

कार्यक्रम उत्तम झाला. शेवटी माझी सातवी रचना. नंतर शाल, मानपत्र, अध्यक्षांचे भाषण, सूत्रसंचालकांचा 'विनय'. माझी पाळी आली. समोर आठशे माणसे. तो तिसऱ्या ओळीत कडेला, शेजारी सून. त्याने जुना काळा कोट घातला होता – वादकाचा.

मी लिहून नेलेला कागद खिशातून काढलाच नाही. म्हणालो, तुमच्या हातातल्या ग्रंथात 'बुडती नाव' म्हणून जे प्रकरण आहे, त्यात नाव बुडवणारा मीच होतो. पान क्रमांक सांगितले. लाल वर्तुळ सांगितले. म्हणालो, 'माझ्या काठीने एका निष्णात वादकाला फसवलं. तो माझ्यावर विसंबला, म्हणून चुकला. ते सांगायचं धैर्य मला अडतीस वर्षं झालं नाही. तो इथे बसला आहे. मी त्याची क्षमा मागतो.' आणि हात जोडून, मान खाली घालून उभा राहिलो.

शांतता. खरी शांतता, मंद भागातल्यासारखी.

मग टाळ्या! आधी पाठीमागून, मग सगळीकडून. लोक उठून उभे राहिले. वादकांनी स्टँडवर गज आपटले. अध्यक्ष डोळे पुसत माझ्या कानात म्हणाले, 'केवढं मन!' मला हाताने थांबवता येईना. ज्या हाताने आयुष्यभर सगळे थांबवले. एवढ्या टाळ्या मला रचनेलाही कधी पडल्या नाहीत.

तो बसून होता. हात मांडीवर. भिंतीकडे पाहत. लोक त्याच्याकडे वळून वळून पाहत होते, अपघातातून वाचलेल्याकडे पाहावे तसे. एक बाई वाकून त्याच्या खांद्यावर थोपटत होत्या. मग तो सुनेचा हात धरून उठला आणि टाळ्या चालू असतानाच बाहेर गेला.

ही घरी आल्यावर एवढेच म्हणाली, 'गेला होतात ना त्याच्याकडे आधी?' मी कोट खुंटीला लावत राहिलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वर्तमानपत्रात: 'प्रांजळपणाचा वस्तुपाठ'. छायाचित्र माझे. त्याच्याविषयी एक ओळ – 'काठीच्या चुकीला बळी पडलेला एक वादक'.

सकाळचा पाठ केला नाही. उच्चारण्याचा अधिकार वाटेना.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज तो आला. एकटा, रिक्षाने. हिने खुर्ची दिली, बसला नाही.

म्हणाला, 'तू चारचा ताल दिलास तेव्हाच व्हायोलिनं सुटली होती. मेळ पडणारच होता. मग लोकांनी विचारलं असतं, कोणामुळे? तुझा पहिला दिवस होता. तुला ती चूक पचली नसती. माझं नाव होतं, मला एक पचेल असं वाटलं. त्र्याण्णवपैकी एकाहत्तर आवर्तनं झाली होती. मी मोजत होतो. मला ठाऊक होतं. मी वाजवलं.'

'त्या दिवशी कपडे बदलून तासभर बसलो होतो. तू येशील म्हणून. नाही आलास, तरी हरकत नव्हती. मी काय केलं ते मला माहीत होतं. आयुष्यात तेवढं एकच मोठं काम केलं होतं मी. परवा तू आठशे माणसांत सांगितलंस की मी फसलो.'

दारापर्यंत गेला. हिला नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, 'आता हे कोणाला सांगू नकोस. पुन्हा टाळ्या पडतील तुला.'